इन्फिनिटिव्ह उपवाक्य (इंग्रजी व्याकरण)

क्रियापदाच्या मूळ रूपावर, बहुधा आधी ‘टू’ लावून, रचलेले इंग्रजीतील उपवाक्य. यातील क्रियापदाला काळ, पुरुष व वचन यांचे विकार होत नाहीत. शालेय पुस्तके याला वाक्यांश म्हणतात. क्वर्क आदी (१९८५) आणि हडलस्टन व पुलम (२००२) यांची व्याकरणे उपवाक्य मानतात. त्याला स्वतःचे कर्म असू शकते व अध्याहृत कर्ताही, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘शी वेंट टू पंचवटी टू बाय व्हेजिटेबल्स’ या वाक्यात ‘टू’ दोनदा येतो. नाशिककर हेच ‘ती पंचवटीला भाजी घ्यायला गेली’ असे सांगतो. तेथेही ‘ला’ दोनदाच. इंग्रजीतले दोन्ही ‘टू’ मुळात एकच, दिशादर्शक. प्राचीन इंग्रजीत साधे इन्फिनिटिव्ह ‘-अन’ प्रत्ययाचे होते. ‘टू’नंतर मात्र ‘-एने’ हा चतुर्थीसदृश प्रत्यय येई. साधारणतः बाराव्या शतकापासून हे प्रत्यय झिजत गेले आणि खूण म्हणून ‘टू’ उरला. जुन्या अभ्यासकांच्या मते ही रचना प्रथम नामासारखी होती व उपवाक्य पुढे बनली. लॉस (२००५) प्राचीन इंग्रजीतच तिला उपवाक्य मानतात; उपलब्ध पुरावा त्याच बाजूला झुकतो. आजच्या ‘टू’ला पुलम (१९८२) सहायक क्रियापद ठरवतात. ते सर्वमान्य नाही.

अध्याहृत कर्ता मुख्य क्रियापदावरून ठरतो. ‘शी टोल्ड मी टू वेट’ यात थांबणारा ‘मी’, ‘शी प्रॉमिस्ड मी टू वेट’ यात ‘ती’. मराठीत ‘थांबायला सांगितले’ आणि ‘थांबायचे वचन दिले’ असा प्रत्ययच बदलतो, त्यामुळे घोटाळा कमी.

मात्र हाच ‘ला’ फसवतोही. ‘मला थांबायला लावले’चे चुकून ‘ही मेड मी टू वेट’ होते. ‘मेक’, ‘लेट’ यांच्यानंतर ‘टू’ येत नाही; पण ‘मेक’च्या कर्मणीत ‘आय वॉज मेड टू वेट’ असा तो परततो. ‘तू यावेस असे मला वाटते’ यावरून होणारे ‘आय वॉन्ट दॅट यू कम’ हेही असेच; रूढ रचना ‘आय वॉन्ट यू टू कम’.

बारावीच्या ‘रिमूव्ह टू’ या रूपांतर-प्रश्नातला ‘टू’ वेगळा, ‘फारच’ या अर्थाचा. तो काढून ‘सो... दॅट’ घातले की त्यानंतरचे इन्फिनिटिव्हही जाते आणि काळ असलेले उपवाक्य येते: ‘टू टायर्ड टू वॉक’चे ‘सो टायर्ड दॅट शी कान्ट वॉक’.

‘टू’ व क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालण्यावरचा आक्षेप एकोणिसाव्या शतकातला. प्रयोग त्याहून कितीतरी जुना आहे.