आलाँ कार्देक 'माध्यम' नव्हते

स्पिरिटिझमचे, म्हणजे मृतांच्या आत्म्यांशी संवाद साधता येतो असं मानणाऱ्या मताचे, प्रवर्तक आलाँ कार्देक यांच्या अंगात आत्मे यायचे आणि तेच त्यांच्याकडून पुस्तकं लिहवून घ्यायचे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. कार्देक स्वतः माध्यम, म्हणजे ज्याच्यामार्फत आत्मे बोलतात असा माणूस, नव्हते. ते हाडाचे शिक्षक होते.

त्यांचं खरं नाव इपोलित लेओं दनिझार रिवाय. जन्म 1804 चा, फ्रान्समधल्या लियाँचा. स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्दों इथे शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझींच्या शाळेत ते शिकले. पाठांतरापेक्षा निरीक्षणावर भर देणारी ही शाळा, आणि माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथेच आहे. पॅरिसमध्ये त्यांनी मुलं शिकवली, अंकगणिताची आणि व्याकरणाची पुस्तकं लिहिली.

पन्नाशीला आल्यावर, 1855 मध्ये, त्यांनी टेबलं फिरण्याचा प्रकार (लोक टेबलावर हात ठेवून बसायचे आणि ते हललं की आत्म्यांनी हलवलं असं मानायचे) पहिल्यांदा पाहिला. नंतर बोदँ कुटुंबाच्या घरी बैठका झाल्या. पेन्सिल लावलेली एक छोटी टोपली, तिच्यावर घरातल्या दोन तरुण मुलींचे हात (आपल्याकडच्या प्लँचेटसारखंच), आणि समोर वहीत प्रश्न लिहून आणलेले रिवाय. माध्यम त्या मुली होत्या. रिवाय विचारायचे, वेगवेगळ्या माध्यमांकडून आलेली उत्तरं ताडून पाहायचे, विषयवार लावायचे.

त्यातून 18 एप्रिल 1857 रोजी 'आत्म्यांचा ग्रंथ' निघाला, तोही प्रश्नोत्तरांच्या रूपात. कार्देक हे टोपणनाव त्यांनी तेव्हाच घेतलं. आत्म्यांवर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण या शिक्षकाची मेहनत अंगात येण्याच्या खात्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.