रणाचा परवाना काढलात, पण तो कशाचा आहे ते वाचलंत का?

दिवाळी सरली की परभणी, लातूरकडच्या पोरांचे फोन सुरू होतात. चार मित्र, कुणाची तरी उंच चाकांची गाडी, दोन तंबू आणि ठरलेला बेत: "कच्छच्या रणात गाडी घालू, रात्री तिथंच पडू." ऐकतानाच कळतं की हे अडकणार. भिरंडियाराच्या नाक्यावर मिळणारा परवाना रण बघण्याचा आहे. रणात गाडी पळवण्याचा नाही, झोपण्याचा तर नाहीच.

तो काढायला काही अवघड नाही. गुजरात शासनाच्या संकेतस्थळावर आधी काढा, नाहीतर भूजहून धोरडोकडे, म्हणजे पांढऱ्या रणाच्या काठावरच्या गावाकडे, जाताना पन्नासेक किलोमीटरवर भिरंडियारा लागतं, तिथं खिडकीवर काढा. प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स, दाखवायला मूळ कार्ड, गाडीचा नंबर, चालवणाऱ्याचं लायसन. शुल्क माणशी 100 रुपये आणि चारचाकीला 50 असं चालत आलंय. तरी फलक वाचूनच पैसे द्या.

'प्रत्येकाच्या' हा शब्द मात्र कुणी वाचत नाही. आमच्या वेळी पाचातल्या एकाचं आधार व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, मोबाईल बंद पडलेला आणि चार्जर मागच्या ढाब्यावर विसरलेला. बाकी चौघांनी तासभर तोंडं पाडून वाट बघितली. गाडीची कागदं डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधून दाखवलेली कायद्याने चालतात. गॅलरीतला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. आणि रेंज जाते, म्हणून सगळं कागदावर घ्या.

दुसरी चूक तारखेची. परवान्यावर भेटीचा दिवस असतो. संभाजीनगरहून भूज नऊशे किलोमीटरच्या आसपास. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघणारा माणूस शनिवारचा परवाना काढतो आणि पोचतो शनिवारी रात्री, पाठ धरून. रविवारचा काढा. सोमवारची रजा आधीच टाका. 'वीकेंड'मध्ये हे बसत नाही, कितीही हिशोब लावा.

आता मुख्य गोष्ट. मोठ्या रणाचा साडेसात हजार चौरस किलोमीटरचा भाग 1986 पासून कच्छ वाळवंट अभयारण्य आहे. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते, आणि पर्यटकाचा रणाचा परवाना ती परवानगी नव्हे. पुढे सीमा, म्हणजे बीएसएफचा कारभार. "इतकं मोकळं रान पडलंय, कोण बघतंय?" असं आपल्याकडचा माणूस हमखास म्हणतो. रान म्हणजे शेत, बांध ओलांडला की आपलंच, अशी आपली सवय. रण तसं नाही.

शिवाय ते पांढरं दिसतं तेवढं टणकही नाही. काळ्या रानात दोन दिवस ऊन पडल्यावर वरची खपली वाळते आणि आत ट्रॅक्टर ॲक्सलपर्यंत जातो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तिथं खपली मिठाची, खाली गाळ तसाच. बाहेर ओढायला शेजारचा ट्रॅक्टरही मिळत नाही. गाडी ठरलेल्या जागी लावून पुढं चालत जा. तंबू टाकायचाच असेल तर रणाबाहेर, बन्नीतल्या, म्हणजे रणालगतच्या गवताळ भागातल्या, एखाद्या मुक्कामाच्या ठिकाणी, मालकाला विचारून आणि पावती घेऊन.

गाडीतून वाळवंट बघायची हौस असेल तर छोटं रण बरं. तेही अभयारण्यच, रानगाढवांचं, जवळपास पाच हजार चौरस किलोमीटर. बजाणा किंवा ध्रांगध्राकडून जा, वनखात्याचा वेगळा परवाना काढा, स्थानिक वाटाड्या घ्या. भिरंडियाराची पावती इथं दाखवू नका, कुणी विचारणार नाही. 16 जून ते 15 ऑक्टोबर ते बंद असतं, आणि 16 ऑक्टोबरला उघडलं म्हणजे वाळलं असं नाही. दसऱ्याला जोडून जाणारे इथंच फसतात. डिसेंबर धरा.

गाडी मित्राची असेल तर आरसीवरच्या मालकाचं दोन ओळींचं संमतीपत्र घ्या. सक्तीचं नाही, पण पाचही जणांचं आडनाव आरसीशी जुळत नसलं की नाक्यावर प्रश्न वाढतात. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी भाड्याने घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच विचारते. स्वतः चालवायला भाड्याची हवी तर काळी पाटी, पिवळी अक्षरं.

अमेरिकेतून आलेला वर्गमित्र सोबत असेल तर थांबा. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, हे नागरिकत्व नाही. पासपोर्ट परदेशी असेल तर भूजला पोलिसांकडे आधी चौकशी करून मगच पुढं चला. त्याने तिकडून आणलेलं सॅटेलाइट फोनचं यंत्र बॅगेत असेल तर ते घरीच ठेवायला लावा. परवानगीशिवाय भारतात ते वापरणं गुन्हा आहे, सीमेजवळ तर विचारूच नका.

आणि हो, डिकीतली बाटली. गुजरातेत दारूबंदी आहे. बाहेरच्या पर्यटकाला तात्पुरता परवाना मिळतो, पण तो वेगळा अर्ज आहे. आपल्याकडचा परवाना दाखवून सुटका होत नाही. ही गोष्ट सगळ्यात शेवटी विचारतात आणि सगळ्यात आधी तपासली जाते.

भिरंडियाराला मावा फार चांगला मिळतो. एकजण रांगेत असेपर्यंत बाकीचे खातात. झेरॉक्स त्यांच्या हातात देऊ नका, तुपाचे डाग पडतात.