मुतखडा (मुलांमधील)

मूत्रपिंड, मूत्रवाहिनी किंवा मूत्राशय यांत लघवीतील क्षारांचे स्फटिक साचून बनलेला खडा; आयुर्वेदात अश्मरी. मुलांच्या खड्यामागे चयापचयाचा दोष, मूत्रमार्गाची जन्मजात विकृती वा जंतुसंसर्ग हे कारण प्रौढांपेक्षा अधिक वेळा सापडते. त्यामुळे खडा काढल्याने उपचार निम्माच होतो.

इतिहास : ईजिप्तमधील एल् अमराह येथील दफनात १९०१ मध्ये ग्रॅफ्टन एलियट स्मिथ यांना सुमारे १६ वर्षांच्या मुलाच्या श्रोणीच्या (कंबरेखालच्या) हाडांत खडा आढळला. त्याचा काळ इ. स. पू. सु. ४८०० असा दिला जातो. नुसते ‘राजवंशपूर्व’ (फेअरो राजवंशांच्या आधीचा) म्हणणे अधिक सुरक्षित. लंडनमध्ये ठेवलेला हा नमुना दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यात नष्ट झाल्याने फेरतपासणी शक्य नाही.

सुश्रुतसंहितेत निदानस्थानाचा तिसरा व चिकित्सास्थानाचा सातवा अध्याय अश्मरीवर आहे. वात, पित्त व कफ यांच्या अश्मरी विशेषेकरून मुलांना होतात, आणि मुलांचा बस्ती (मूत्राशय) लहान व मांस कमी असल्याने त्या पकडून काढणे सोपे जाते, असे तेथे म्हटले आहे. शस्त्रकर्माचा क्रम असा : नखे कापून तेल लावलेली डाव्या हाताची दोन बोटे गुदात घालून खडा शिवणीकडे (गुद व जननेंद्रिय यांमधील मध्यरेषेकडे) खाली आणायचा, शिवणीच्या डाव्या बाजूस जवाएवढे अंतर सोडून खड्याच्या मापाचा छेद घ्यायचा, खडा फुटू न देता अग्रवक्र (टोकाशी वाकड्या) यंत्राने सबंध काढायचा, कारण राहिलेला कणही पुन्हा वाढतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने जवळजवळ हेच कर्म सांगितले असून त्यासाठी ९ ते १४ वर्षे हे वय योग्य मानले आहे. ही विद्या भारतातून अलेक्झांड्रियामार्गे पश्चिमेस गेली, असे काही अभ्यासक मानतात. मात्र उपलब्ध सुश्रुतसंहितेत अनेक थर असून त्यांचा काळ इ. स. पू. काही शतके ते इ. स. तिसरे-चौथे शतक असा पसरलेला आहे. शिवाय सेल्ससचा छेद चंद्रकोरीसारखा आहे. मुलांच्या उथळ श्रोणीत बोटाने खडा लागतोच, हे दोन्हीकडे स्वतंत्रपणे उमगले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

कारणे : मूत्राशयातच तयार होणारा खडा हा मुख्यतः गरीब घरांतील मुलग्यांचा विकार. दूध व प्राणिज प्रथिने कमी, सारी भिस्त धान्यावर आणि वारंवार जुलाब, अशा स्थितीत लघवीत अमोनियम यूरेट व कॅल्शियम ऑक्झॅलेट साचतात. यूरोपातून हा प्रकार विसाव्या शतकात जवळजवळ नाहीसा झाला.

मूत्रपिंडातील खड्यांमागे लघवीतून जादा कॅल्शियम जाणे (२४ तासांत दर किग्रॅ. वजनामागे ४ मिग्रॅ.हून अधिक) व सिट्रेट (खडा बनू न देणारे द्रव्य) कमी असणे ही नेहमीची कारणे. सिस्टिन्यूरियात (सिस्टीन हे ॲमिनो आम्ल लघवीतून जादा जाण्याचा आनुवंशिक विकार) लघवीत षटकोनी स्फटिक दिसतात. प्राथमिक हायपरऑक्झॅल्यूरियाच्या (लघवीत ऑक्झॅलेट फार वाढण्याचा आनुवंशिक विकार) पहिल्या प्रकारात यकृतातील एंझाइम सदोष असते व मूत्रपिंडच निकामी होऊ शकते. त्यावरील लुमासिरान हे औषध २०२० मध्ये मान्य झाले. प्रोटियससारखे जंतू यूरियाचे विघटन करून लघवी अल्कधर्मी करतात व स्ट्रुव्हाइटचे (मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचे) शाखायुक्त खडे बनतात. २००८ मध्ये चीनमध्ये मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलेल्या दुधाच्या पावडरीमुळे लाखो बालकांना मूत्रविकार जडले.

निदान : लहान मूल कंबरेकडे बोट दाखवत नाही. उलट्या, किरकिर, लाल लघवी किंवा वारंवार ताप एवढेच दिसते. मूत्राशयात खडा असलेला मुलगा लघवी मध्येच अडली की शिश्न ओढत राहतो. पहिली तपासणी सोनोग्राफी. सीटी स्कॅन अडले तरच आणि कमी किरणमात्रेत. बाहेर पडलेला खडा फेकून न देता विश्लेषणास पाठवावा.

उपचार : अडथळा आणि ताप एकत्र असतील तर खड्याला हात लावत नाहीत. आधी डबल-जे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची, दोन्ही टोकांशी वळलेली बारीक नळी) किंवा पाठीतून नळी घालून लघवी मोकळी करतात, खडा नंतर. ५ मिमी.पेक्षा लहान खडा बहुधा आपोआप पडतो.

आघात-तरंगांची लिथोट्रिप्सी (शरीराबाहेरून तरंग सोडून खडा फोडणे) प्रथम १९८० मध्ये म्यूनिक येथे झाली. मुलाची मूत्रवाहिनी लवचिक असल्याने चुरा चांगला वाहून जातो. पण भूल द्यावी लागते व जवळच्या फुप्फुसावर थर्मोकोलचे आवरण ठेवावे लागते. सिस्टीनचे खडे तिला दाद देत नाहीत. चुऱ्याची रांग लागून मूत्रवाहिनी तुंबणे ही नेहमीची गुंतागुंत. मोठ्या खड्यासाठी पाठीतून दुर्बिणीची शस्त्रक्रिया (पीसीएनएल) करतात. प्रौढांतील ३० फ्रेंच (नळीच्या जाडीचे माप; ३ फ्रेंच = १ मिमी.) मार्ग म्हणजे १० मिमी. रुंदी, मुलांत त्याच्या निम्मा किंवा त्याहून अरुंद ठेवतात. धुण्यासाठी कोमट सलाईनच लागते : थंड द्रवाने मूल गारठते, साध्या पाण्याने रक्तातील सोडियम घसरते. लघवीच्या वाटेने वर नेलेली दुर्बीण मूत्रवाहिनीत शिरत नसेल तर जोर न लावता स्टेंट ठेवून एक-दोन आठवडे थांबतात. जबरदस्तीने ती फाटते व पुढे आकसते. विसरलेल्या स्टेंटवरच नवा खडा चढतो, म्हणून तो काढण्याची तारीख पालकांना लेखी द्यावी.

तज्ज्ञता : भारतात एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे शल्यचिकित्सेतील एमएस, मग बालशल्यचिकित्सा किंवा मूत्ररोगशास्त्र यांतील तीन वर्षांचे एमसीएच व पुढे फेलोशिप अशा दोन वाटांनी बालमूत्रशल्यतज्ज्ञ तयार होतात. अमेरिकेत २००८ पासून या शाखेचे वेगळे प्रमाणपत्र आहे. चयापचयाच्या दोषांसाठी बालमूत्रपिंडविकारतज्ज्ञ सोबत लागतो.

प्रतिबंध : शरीरपृष्ठाच्या दर चौ. मी.मागे दिवसाला किमान १.५ लि. द्रव, सिस्टिन्यूरियात त्याहून बरेच जास्त, रात्रीही. पापड, लोणची, वेफर्स कमी करावीत, कारण मिठाबरोबर कॅल्शियमही लघवीत उतरते. दूध मात्र बंद करू नये : आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधते, शिवाय हाडांनाही ते हवे. पोटॅशियम सिट्रेट देताना लघवीचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) मोजत राहावा. फार अल्कधर्मी लघवीत कॅल्शियम फॉस्फेट साचते. कुळथाचे कढण घरोघरी देतात. त्याने पाणी पोटात जाते, एवढा लाभ नक्की. खड्यावर घरगुती उपाय म्हणून दिली जाणारी पाणफुटीची पाने हृदयावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांमुळे मुलांना देऊ नयेत.