मुडदूस, ऊन आणि मूत्रपिंडातलं एक जनुक

ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट हातात पडला की आपली नजर थेट आकड्यावर जाते. तो आकडा असतो यकृतातून बाहेर पडलेल्या अर्ध्याकच्च्या मालाचा. त्यावर शेवटचा हात फिरतो मूत्रपिंडात, आणि हे कळायला अर्धं शतक गेलं.

सुरुवात मुडदुसापासून, म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ पडून वाकण्याच्या रोगापासून झाली. १९१९च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याची पिल्लं घरात कोंडून ओटच्या लापशीवर वाढवली. त्यांची हाडं वाकली, ती कॉड माशाच्या तेलाने सावरली. म्हणजे दोष खाण्याचा! पण १९२२ साली हचिसन आणि शाह यांनी नाशिकच्या पाहणीतून वेगळंच मांडलं: पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत मुडदूस, आणि ज्यांची पोरं उघड्यावर वाढतात त्या गरिबांकडे तो जवळजवळ नाही. बरोबर दोघेही होते. तेलातून मिळतं ते ड जीवनसत्त्व कातडी उन्हात स्वतःच बनवते. अंगात तयार होणाऱ्या गोष्टीला जीवनसत्त्व कसं म्हणायचं? पण नाव एकदा पडलं की पडलं.

यकृतात तयार होणारा तो अर्धाकच्चा माल १९६८ साली अमेरिकेत हेक्टर डेलुका यांच्या गटाने ओळखला. १९७० साली केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिसेक यांना दिसलं, की मूत्रपिंडं काढून टाकलेल्या उंदरांत या पदार्थाचं सगळ्यात प्रभावी रूप तयारच होत नाही. हे रूप म्हणजे कॅल्सिट्रायॉल, चक्क एक संप्रेरक. गाळणी म्हणून ओळखला जाणारा अवयव संप्रेरक बनवतो, आणि तेही खाण्याकडे बघून: उंदरांच्या आहारातलं कॅल्शियम कमी केलं की उत्पादन वाढायचं.

ही कळ कुठे आहे, ते १९९७मध्ये उलगडलं. त्या वर्षी एकाहून अधिक प्रयोगशाळांना कॅल्सिट्रायॉल बनवून घेणारं जनुक सापडलं, सीवायपी२७बी१. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक मूत्रपिंडाच्या नलिकांतल्या पेशींत हे जनुक जोरात चालू करतं. कॅल्सिट्रायॉल पुरेसं झालं की ते स्वतःच या जनुकाचा आवाज खाली आणतं आणि आपल्यालाच मोडून टाकणारं दुसरं जनुक जागं करतं. फॉस्फेट जास्त झालं तर हाडांकडून एफजीएफ२३ नावाचं संप्रेरक येतं आणि तेही हेच करतं.

मूत्रपिंडं थकली की हा सगळा कारभार कोलमडतो. रिपोर्टवरचा आकडा ठीक दिसतो, हाडं मात्र कमजोर होत राहतात. म्हणून अशा रुग्णांना बऱ्याचदा तयार कॅल्सिट्रायॉलच द्यावं लागतं. आपण आठवड्याला दुधातून घेतो त्या ६०,००० युनिटच्या पुडीत १,५०० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व असतं. कॅल्सिट्रायॉलची नेहमीची कॅप्सूल असते ०.२५ मायक्रोग्रॅमची.