शाळा मंडळ (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

सार्वजनिक शाळांचा स्थानिक कारभार पाहणारी आणि बहुतेक ठिकाणी थेट मतदानाने निवडली जाणारी संस्था. तिचा अधिकार ज्या भूभागावर चालतो त्याला तेथे ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. मराठीत ‘शाळा जिल्हा’ असा शब्द वापरता येतो. मात्र आपल्याकडील महसुली जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. एखादा शाळा जिल्हा दोन-तीन शाळांच्या गावापुरता असतो, तर लॉस एंजेलिसच्या एकाच जिल्ह्यात काही लाख मुले शिकतात. हवाई हे संपूर्ण राज्य एकच शाळा जिल्हा आहे. देशात आज सुमारे १३,००० शाळा जिल्हे आणि ९०,००० च्या आसपास मंडळ सदस्य आहेत.

अमेरिकेच्या संघराज्यीय संविधानात शिक्षणाचा उल्लेख नाही. त्यामुळे हा विषय राज्यांकडे राहिला आणि राज्यांनी तो कायद्याने मंडळांकडे सोपवला. कायद्याच्या दृष्टीने मंडळ हे राज्याचे अपत्य आहे, गावाचे नव्हे. लोकांची समजूत मात्र नेमकी उलटी आहे, आणि इतिहास पाहता ती अगदी निराधार म्हणता येत नाही. नावेही राज्यागणिक बदलतात: मॅसॅच्युसेट्समध्ये ‘स्कूल कमिटी’, न्यूयॉर्कमध्ये ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’, टेक्ससमध्ये ‘बोर्ड ऑफ ट्रस्टीज’.

उगम : शाळा मंडळाची सुरुवात कोठून धरायची याबद्दल एकमत नाही. जुन्या शिक्षणेतिहासांत ती मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या १६४७ च्या कायद्यापासून धरण्याचा प्रघात आहे. पन्नास कुटुंबांच्या गावाने मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने ग्रामर स्कूल (लॅटिन शिकवून महाविद्यालयाची तयारी करून घेणारी शाळा) काढावे, अशी सक्ती त्या कायद्याने केली. प्रस्तावनेत ‘लोकांना धर्मग्रंथापासून दूर ठेवू पाहणाऱ्या सैतानाचा’ उल्लेख असल्याने त्याच्या धार्मिक हेतूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम वेगळे आहे. मास्तरचा पगार मुलांच्या पालकांनी द्यावा की सर्व गावकऱ्यांनी मिळून, हे गावाचा कारभार पाहणाऱ्यांनी बहुमताने ठरवावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे शाळा काढायची की नाही याचा निर्णय वसाहतीने आपल्या हाती घेतला, आणि पैसा कोणाकडून घ्यायचा हे गावावर सोडले.

तथापि १६४७ मध्ये शाळेसाठी निराळे मंडळ नव्हते. रस्ते, कुंपणे, गुरे आणि शाळा हे सगळे गावसभा आणि तिने निवडलेले ‘सिलेक्टमन’ पाहत. शाळेपुरती समिती वेगळी होण्याची प्रक्रिया अठराव्या शतकभर चाललेली दिसते, आणि तिला एकच एक तारीख लावणे धोक्याचे आहे. बॉस्टनच्या गावसभेने १७८९ मध्ये बारा प्रभागांतून प्रत्येकी एक सदस्य निवडून, नऊ सिलेक्टमनांसह एक शाळा समिती केली. काही अभ्यासक हीच पहिली निवडलेली शाळा समिती मानतात. प्रत्येक गावाने स्वतंत्र शाळा समिती निवडावी अशी सक्ती राज्यभर झाली ती १८२६ च्या कायद्याने, आणि संस्था म्हणून मंडळाचा जन्म या वर्षी धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

शाळा जिल्ह्याचा उगम मात्र वेगळा आहे, आणि दोन्हींची गल्लत अनेक संदर्भग्रंथांत झालेली आढळते. न्यू इंग्लंडमधील (मॅसॅच्युसेट्स व आसपासच्या ईशान्येकडील राज्यांतील) वस्ती सुरुवातीला चर्चभोवती दाटीने होती. पुढे शेतकरी चार-पाच मैल दूर राहू लागले. कर ते भरत, पण शाळा गावठाणात. त्यांच्या पोरांना थंडीतून तिथवर चालत जाणे अशक्य. यातून ‘फिरती शाळा’ निघाली: एकच मास्तर काही आठवडे एका टोकाला, काही आठवडे दुसऱ्या टोकाला शिकवी. पुढे त्या टोकांनीच आपल्या वाट्याचा पैसा वेगळा मागितला आणि मास्तरही आपणच नेमू असा आग्रह धरला. मॅसॅच्युसेट्सने १७८९ मध्ये या तुकड्यांना कायदेशीर मान्यता दिली, १८०० मध्ये कर बसवण्याचा अधिकार दिला आणि १८१७ मध्ये त्यांना करार व दावे करू शकणारी कायदेशीर संस्था ठरवले.

हा क्रम नीट पाहिला तर शाळा जिल्हा कोणत्याही शैक्षणिक तत्त्वातून किंवा लोकशाहीच्या सिद्धांतातून निघालेला दिसत नाही. जो कर भरतो त्याच्या दाराजवळ शाळा हवी, या साध्या हट्टातून तो निघाला. ‘स्थानिक स्वराज्याची पाठशाळा’ हे त्याचे वर्णन नंतरच्या काळातले आहे.

एकोणिसावे शतक : एका खोलीची शाळा आणि तिच्यापुरता जिल्हा, हे ग्रामीण अमेरिकेचे चित्र दीर्घकाळ टिकले. जिल्ह्याची वार्षिक सभा शाळेच्याच खोलीत भरे. सरपणाची लाकडे कोणी किती आणायची, उन्हाळी सत्र किती आठवडे ठेवायचे, मास्तरीण नेमायची की मास्तर, असे विषय असत. पगार कमी असल्याने शिक्षकाच्या जेवणा-राहण्याची सोय घरटी आळीपाळीने होई. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत; तेथे शिक्षकच वार लावून राही, आणि ज्या घरी मुले जास्त तिथला त्याचा मुक्काम लांबे.

मॅसॅच्युसेट्सच्या राज्य शिक्षण मंडळाचा पहिला सचिव होरेस मान (नियुक्ती १८३७) या पद्धतीचा कडवा विरोधक होता. १७८९ चा कायदा हा राज्यातील सार्वजनिक शाळांबाबत झालेला सर्वांत दुर्दैवी कायदा होय, असे त्याचे मत होते. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत एकाची इमारत पक्की व दुसऱ्याची गळकी, ही विषमता त्याने वर्षानुवर्षे अहवालांत मांडली. राज्याने ही पद्धत कायमची बंद केली ती १८८२ च्या कायद्याने. पश्चिमेकडील राज्यांनी मात्र तीच पद्धत आधीच उचलली होती.

शहरांत वेगळा प्रश्न उभा राहिला. तेथे मध्यवर्ती मंडळाखेरीज प्रभागवार मंडळे असत, आणि शिक्षकांच्या नेमणुका, पुस्तके व बांधकामाचे ठेके त्यांच्या हाती असत. लाखावर वस्तीच्या २८ शहरांत १८९३ साली मध्यवर्ती मंडळांचे सरासरी २१ हून अधिक सदस्य होते; १९१३ पर्यंत ही सरासरी दहावर आली. न्यूयॉर्कची प्रभाग मंडळे १८९६ मध्ये गेली आणि फिलाडेल्फियाची सत्ता १९०५ मध्ये मध्यवर्ती मंडळाकडे आली. स्टॅनफर्डचे प्राध्यापक एलवुड कबर्ली यांच्या पिढीने या बदलाकडे भ्रष्टाचारावर तज्ज्ञतेचा विजय म्हणून पाहिले. १९७० नंतरच्या इतिहासकारांनी दाखवून दिले, की छोट्या मंडळांत व्यापारी, वकील आणि डॉक्टर आले, तर स्थलांतरित कामगार वस्त्यांचे प्रतिनिधी बाहेर पडले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण शिक्षकाची जागा विकत घ्यावी लागणे बंद झाले याचे मोल दुसऱ्या मतात पुरेसे धरले जात नाही.

सोबतच जिल्ह्यांचे विलीनीकरण सुरू झाले. १९३२ च्या सुमारास सव्वा लाखाहून अधिक असलेले जिल्हे १९५० मध्ये सुमारे ८४,००० आणि १९७० च्या सुमारास १८,००० वर आले. पक्के रस्ते, शाळेची बस आणि हायस्कूलची वाढती मागणी ही कारणे सर्वमान्य आहेत. राज्यांच्या सक्तीचा वाटा किती, यावर मतभेद आहेत.

निवडणूक : सदस्यसंख्या सामान्यतः पाच ते नऊ आणि मुदत तीन किंवा चार वर्षे असते. दर खेपेस काहीच जागांची निवडणूक होते, त्यामुळे सगळे मंडळ एकदम बदलत नाही. बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. मतदान संपूर्ण जिल्ह्यातून किंवा प्रभागांतून होते. संपूर्ण जिल्ह्यातून मतदान घेतल्यास अल्पसंख्य समाजाचा उमेदवार कधीच निवडून येत नाही, या तक्रारीवरून १९६५ च्या मतदान हक्क कायद्याखाली अनेक दावे झाले. कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला.

मतदान इतर निवडणुकांपासून तोडून वसंत ऋतूत घेण्याची प्रथा प्रभागकालीन राजकारणापासून शाळा दूर ठेवण्यासाठी आली. परिणामी मतदान अनेकदा दहा टक्क्यांच्या आत राहते. अशा वेळी शिक्षक संघटना किंवा करविरोधी गट यांपैकी जो आपली माणसे घराबाहेर काढतो, तो जिंकतो. न्यूयॉर्क राज्यात शहरांबाहेरील बहुतेक जिल्ह्यांत मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी सदस्यांची निवड होते आणि त्याच मतपत्रिकेवर शाळेचे अंदाजपत्रकही मंजुरीला असते. ते दोनदा फेटाळले गेले तर मंडळाला काटकसरीच्या अंदाजपत्रकावर वर्ष काढावे लागते. शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या रिंगखाली उभे राहून माणूस आपल्याच करवाढीला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो, हे दृश्य इतर लोकशाही देशांत फारसे दिसत नाही.

मत कोणाला, हा या संस्थेतील सर्वांत जुना वाद. केंटकीने १८३८ मध्ये काही अटींवर स्त्रियांना शाळा निवडणुकीत मत दिले. देशभर स्त्रियांना मताधिकार मिळण्याच्या ८२ वर्षे आधीची ही गोष्ट. कॅन्सस (१८६१) आणि मॅसॅच्युसेट्स (१८७९) यांनीही तसेच केले. उलट बाजूने, मत फक्त करदात्यांना आणि पालकांना असावे ही जुनी कल्पना १९६९ पर्यंत टिकली. न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार शाळा निवडणुकीत मत देण्यासाठी करपात्र मालमत्ता स्वतःची किंवा भाड्याने घेतलेली असावी, नाहीतर मूल तिथल्या शाळेत असावे लागे. आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या, अविवाहित, ३१ वर्षांच्या एका शेअर दलालाने त्याला आव्हान दिले. ‘क्रेमर विरुद्ध युनियन फ्री स्कूल डिस्ट्रिक्ट’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. शाळेचा संबंध तिथे राहणाऱ्या प्रत्येकाशी येतो, हे तत्त्व त्याने रुजले.

नागरिक नसलेल्या पालकांचा प्रश्न अजून उघडाच आहे. न्यूयॉर्क शहराच्या सामुदायिक शाळा मंडळांसाठी २००२ पर्यंत अशा पालकांना मत होते; सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ च्या सार्वमताने ते दिले. अन्यत्र ते बहुधा नाही. न्यू जर्सीत घर घेऊन राहणारी, ग्रीन कार्डावर असलेली अनेक मराठी कुटुंबे मालमत्ता कराचा मोठा भाग शाळांसाठी भरतात, मुलांना त्याच शाळांत पाठवतात, मंडळाच्या सभेत बोलूही शकतात. मत देऊ शकत नाहीत. ‘कर भरतो त्याची शाळा’ या मूळ हट्टाशी हे विसंगत आहे.

कारभार : मंडळ धोरण, अंदाजपत्रक आणि अधीक्षकाची नेमणूक ठरवते, रोजचा कारभार अधीक्षक पाहतो. हे पद प्रथम बफेलोने निर्माण केले की लुईव्हिलने, हा वाद अनिर्णित आहे. दोन्हींचे वर्ष १८३७. एकट्या सदस्याला सभेबाहेर कोणताही अधिकार नसतो. बहुतेक सदस्य विनामूल्य किंवा नाममात्र मानधनावर काम करतात.

सभा महिन्यातून एक-दोनदा, संध्याकाळी भरते. ती खुली ठेवण्याचे बंधन कायद्याने आहे. नोकरवर्ग, दावे आणि वेतनाच्या वाटाघाटी यांपुरती ती बंद करता येते. बोलू इच्छिणारा दाराशी ठेवलेल्या कागदावर नाव लिहितो. पाळी आली की ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून नाव व पत्ता सांगतो आणि बहुधा तीन मिनिटांत म्हणणे मांडतो. समोर घड्याळ उलटे मोजत असते. सदस्य सहसा लगेच उत्तर देत नाहीत. बसचा थांबा हलवला म्हणून आलेली आई आणि वाचनालयातील पुस्तकावर आक्षेप घेणारा आजोबा एकाच रांगेत उभे असतात. पुस्तके काढून टाकण्याच्या मंडळाच्या अधिकाराला १९८२ च्या ‘पिको’ खटल्यात मर्यादा घातली गेली. सक्तीच्या ध्वजवंदनाला ती १९४३ मध्येच पडली होती.

पैसा : शाळांच्या उत्पन्नात राज्य आणि स्थानिक कर यांचे वाटे ढोबळमानाने सारखे असतात, संघराज्याचा वाटा लहान. स्थानिक वाटा मुख्यतः मालमत्ता कराचा. याचा परिणाम टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथील दोन जिल्ह्यांत दिसला. एजवुड हा गरीब, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांचा जिल्हा १९६७-६८ मध्ये मालमत्तेच्या दर शंभर डॉलर किमतीला १.०५ डॉलर कर घेऊन दर मुलामागे २६ डॉलर उभे करू शकला. शेजारचा श्रीमंत अलामो हाइट्स ०.८५ डॉलरच्या कमी दराने ३३३ डॉलर उभे करत होता. एजवुडच्या पालकांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. त्यानंतर हे लढे राज्यांच्या न्यायालयांत गेले.

कर न बसवण्याच्या अधिकाराचा सर्वांत क्रूर वापर व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीत झाला. तेथील कृष्णवर्णीयांच्या मोटन हायस्कूलमध्ये गर्दीमुळे डांबरी कागदाच्या खोपट्यांत वर्ग भरत. १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने विद्यार्थ्यांचा संप घडवला. त्यातून निघालेला दावा पुढे, गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सार्वजनिक शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ (१९५४) या खटल्यात सामील झाला. एकत्र शाळांचा आदेश टाळण्यासाठी काउंटीने १९५९ मध्ये शाळा कर बसवण्याचेच नाकारले आणि सर्व सार्वजनिक शाळा पाच वर्षे बंद राहिल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काहींना नातेवाइकांकडे परगावी पाठवले गेले. पुष्कळांचे शिक्षण तिथेच थांबले. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की गरज पडल्यास काउंटीला कर बसवण्याचा हुकूम देता येतो. त्याच वर्षी शाळा पुन्हा उघडल्या.

नियुक्त मंडळे : बॉस्टन (१९९२), शिकागो (१९९५) आणि न्यूयॉर्क (२००२) येथे मंडळावरील सत्ता महापौरांकडे गेली. शिकागोने नोव्हेंबर २०२४ मध्ये अंशतः निवडणुकीकडे वाट वळवली. व्हर्जिनियात मंडळांच्या थेट निवडणुकीला परवानगीच १९९२ मध्ये मिळाली.

मराठीतील ‘स्कूल बोर्ड’ : हा शब्द मराठीत ब्रिटिश अमदानीतून आला. मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा लोकल बोर्डे व नगरपालिका यांना स्कूल बोर्ड निवडण्याचा अधिकार दिला. मतदार होते बोर्डाचे सदस्य, गावकरी नव्हेत. १९४७ च्या कायद्याने शासनाचे नियंत्रण वाढवले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर जिल्हा स्कूल बोर्डांचे काम परिषदेच्या शिक्षण समितीकडे गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. कर बसवण्याचा अधिकार तिला नाही.