नंबर मोठा आहे की दृष्टीच कमी आहे?

माझी भाची सहावीत आहे, पुण्यात कोथरूडला राहते. तिला नीट दिसत नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "नंबर किती?" आणि लगेच, "चष्मा लावते ना? मग झालं तर!" झालं मात्र काहीच नसतं. चष्म्याचा नंबर आणि अल्पदृष्टी यांची गल्लत आपण सगळेच करतो. मीही केली आहे, आणि त्यापायी त्या पोरीला विनाकारण रागावले आहे.

नुसता नंबर असतो तेव्हा डोळ्याचा पडदा शाबूत असतो. प्रकाश फक्त त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे एकवटतो आणि चष्म्यानं तो जागेवर येतो. उणे आठचा जाड भिंगाचा चष्मा लावून एखादं मूल नजर तपासायच्या तक्त्याची ६/६ ची, म्हणजे सामान्य नजरेची, ओळ वाचत असेल, तर त्याला अल्पदृष्टी नाही. चष्मा विसरला तर त्या दिवशी फळा दिसणार नाही, इतकंच.

अल्पदृष्टीत पडदा, डोळ्याची नस किंवा दुसरा एखादा भाग मुळातच अधू असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली व्याख्या सुरूच होते ती योग्य चष्मा लावल्यानंतर: दोहोंतल्या चांगल्या डोळ्यानं ६/१८ किंवा त्याहून कमी, ३/६० पर्यंत. ६/१८ म्हणजे इतरांना १८ मीटरवरून वाचता येणारं अक्षर वाचायला या मुलाला ६ मीटरवर यावं लागतं. म्हणून नुसता मोठा नंबर दाखवून दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक या सवलती मात्र त्याच कागदावर अवलंबून असतात.

डोळ्यांचे डॉक्टर हा फरक ताडायला एक साधी युक्ती वापरतात. बारीक भोकातून तक्ता वाचायला लावतात. दोष नंबरचा असेल तर अक्षरं स्पष्ट होतात. पडद्याचा असेल तर सहसा होत नाहीत.

आता घरातलं बघा. भाची पुस्तक अगदी नाकाशी धरते. ३० सेंटिमीटरवरचं पुस्तक १० वर आणलं की अक्षर तिप्पट मोठं दिसतं, म्हणजे ते तिचं स्वतःचं भिंगच आहे. त्यानं तिची दृष्टी आणखी बिघडत नाही. मी मात्र वर्षभर "लांब धर" म्हणत राहिले. (चष्मा नसलेलं मूल असं करत असेल तर त्याची तपासणी लगेच करा. एका डोळ्याचा नंबर लहानपणी राहून गेला तर तो डोळा आळशी होतो, आणि वयाच्या सात-आठ वर्षांनंतर तो सुधारणं अवघड होत जातं.)

दुसरं म्हणजे ती बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघते. चेहरे आणि अक्षरं टिपणारा पडद्याचा मधला भागच तिचा खराब आहे. नजर थोडी बाजूला नेली तरच तिला चेहरा दिसतो. लग्नकार्यात ती कुणाला ओळख देत नाही, आणि लोक म्हणतात, "शिष्ट आहे पोरगी." आवाज दिला की कशी धावत येते, ते त्यांनी बघायला हवं.

काहींचं बरोबर उलटं असतं. मधलं स्वच्छ दिसतं, कडेचं दिसत नाही. असा मुलगा वर्तमानपत्रातलं बारीक अक्षर वाचतो आणि संध्याकाळी पायातल्या बादलीला अडखळतो. त्याला "नाटकं करतो" हे हमखास ऐकावं लागतं.

उजेड आणि रंग हा तर वेगळाच विषय. पर्वती ती न थांबता चढते. उतरताना दुपारच्या उन्हात सगळ्या दगडी पायऱ्या एकरंगी होऊन तिला सपाट उतार दिसतो, मग पाय चाचपडतो. दहीभात पांढऱ्या ताटलीत वाढला की अर्धा कडेला राहतो, निळ्या ताटलीत एक शीत उरत नाही. शाळेतही तेच. पहिला बाक, काळाभोर पुसलेला फळा आणि लिहिताना मोठ्यानं वाचणाऱ्या बाई, एवढ्यावर तिचं बरंचसं निभावतं.

कोरेगाव पार्कची मुलांची आणि कोथरूडची मुलींची अंधशाळा पुणेकरांना ठाऊक असते. अल्पदृष्टीची बरीच मुलं मात्र आपल्या शेजारच्या साध्या शाळेतच असतात.

हल्ली ती बसथांब्यावर मोबाइल तयार ठेवते. बस आली की पाटीचा फोटो काढून तो बोटांनी मोठा करते. तेवढ्यात बस निघून जाते कधी कधी. मग पुढच्या वेळी शेजारी कोण उभं आहे तेही न बघता विचारते, "काका, ही स्वारगेट का?" परवा त्या काका मावशी निघाल्या. त्यांनी हात धरून तिला बसमध्ये चढवलं, आणि बस स्वारगेटचीच होती.