ट्रॉली-इन की झूम-इन: पात्राजवळ जाणं आणि पात्राकडे रोखून बघणं

शॉर्टफिल्मच्या सेटवर दिवस मावळायला लागला की कुणीतरी म्हणतंच, "ट्रॉली राहू द्या भाऊ, एडिटमध्ये झूम करून घेऊ." ट्रॉली म्हणजे चाकांवरून, रुळांवरून कॅमेराच पात्राजवळ नेणं; झूम म्हणजे कॅमेरा जागेवर ठेवून चित्र मोठं करणं. चेहरा दोन्हींत मोठा होतो, हे खरं. फरक पडतो तो चेहऱ्याच्या मागे.

समजा, नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये संत्र्याचा लिलाव चालू आहे आणि भाव पडलेला ऐकून एक बागायतदार जागच्या जागी थांबलाय. तो कॅमेऱ्यापासून ४ मीटरवर. त्याच्या मागे आणखी २० मीटरवर अडतीची पाटी. कॅमेरा न हलवता झूम केलं, म्हणजे लेन्सची फोकल लांबी २५ मिमीवरून ५० मिमीवर नेली, तर चेहरा दुप्पट होतो आणि पाटीही दुप्पट. आता लेन्स २५ मिमीवरच ठेवून कॅमेरा २ मीटर पुढे सरकवा. चेहरा दुप्पट होतो. पाटीचं अंतर मात्र २४ वरून २२ मीटर होतं, म्हणून ती जेमतेम ९ टक्के वाढते. मधले क्रेट आणि माणसं बाजूला सरकत फ्रेमबाहेर जातात.

माणसाजवळ चालत गेल्यावर डोळ्यांना दिसतं ते हेच. म्हणून ट्रॉलीत प्रेक्षक त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो; बाजार मागे पडतो, उरतो तो आणि त्याचा हिशेब. झूममध्ये प्रेक्षक होता तिथेच असतो, फक्त नजर रोखतो. दुरून पाळत ठेवल्यासारखं वाटतं. अडत्या त्याला न्याहाळतोय असा प्रसंग असेल तर झूमच बरोबर. झूम हलका आणि ट्रॉली भारी, असं मुळीच नाही.

मात्र पात्र कोऱ्या भिंतीला टेकून उभं असेल तर ट्रॉलीची मेहनत निम्मी वाया जाते. मागे-पुढे सरकायला काही नसेल तर दोन्ही शॉट जवळजवळ सारखेच दिसतात. पुढ्यात एखादा खांब किंवा क्रेटची थप्पी घ्या, मागे लांबवर जाणारी जागा ठेवा.

वेग हळू हवा: २ मीटर २० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला १० सेंटीमीटर. हालचाल पात्राच्या वाक्यावर किंवा मान वळवण्यावर सुरू केली की ती लपते. रूळ लेव्हलने तपासून पाचरी मारा. रूळ नसतील तर व्हीलचेअर चालते, पण फरशीवर. इतवारीच्या गल्लीत प्रत्येक खड्डा पडद्यावर दिसेल. अंतर सतत बदलत असल्याने दर अर्ध्या मीटरला जमिनीवर टेप लावून फोकसच्या खुणा करा. आणि वाइड (जास्त रुंद दृश्य घेणारी) लेन्स घेऊन अर्ध्या मीटरपर्यंत घुसू नका. नाक पुढे येतं, कान मागे जातात, आणि ज्याच्यासाठी हळहळ वाटायला हवी त्याच्यावर लोक हसतात.

झूमची दुखणी वेगळी. फोटोच्या बऱ्याच झूम लेन्स फिरवताना फोकस सोडतात. त्यामुळे दोन्ही टोकांना तपासा. एफ ३.५–५.६ अशी, म्हणजे झूम करताना आत येणारा उजेड कमी होणारी लेन्स पूर्ण उघडी ठेवून झूम केलं तर चालू शॉटमध्येच चित्र सव्वा-दीड स्टॉपने काळवंडतं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून लेन्सचं छिद्र आधीच ५.६ वर आणून ठेवा. मोबाइलमध्ये मधेच लेन्स बदलते, तेव्हा रंगासकट चित्र उडी मारतं. त्यात नागपूरचा मे महिना: दुपारी फुटाळ्याच्या रस्त्यावर लांब लेन्स लावली की तापलेल्या हवेत चेहरा लहरायला लागतो. तो शॉट सकाळी सातच्या आत उरकावा.

दोन्ही एकदम उलटे केले, म्हणजे ट्रॉली मागे आणि झूम पुढे, तर चेहरा तेवढाच राहून पाटी त्याच्या अंगावर येते. १९५८ च्या 'व्हर्टिगो' या चित्रपटापासून ही युक्ती प्रसिद्ध आहे. एका फिल्ममध्ये एकदाच वापरावी.

राहिला एडिटमधला झूम. ४के शूट करून १०८० मध्ये (रुंदी-उंची निम्म्या असलेल्या चित्रात) एडिट केलं तर दुपटीपर्यंत चित्र फुटत नाही, पण पाटीही दुप्पट होते. क्रॉप, म्हणजे कडा कापून चित्र मोठं करणं, कितीही सफाईने केला तरी कॅमेरा ४ मीटरवरच उभा होता.